मोटार-अपघात आणि रक्ताची साक्ष



रस्त्यावर मोठा अपघात झाला कीं त्या ठिकाणीं पुरावा पुष्कळ असतो. चाकांच्या खुणा, फुटलेल्या कांचा, वांकलेले पत्रे, दिव्याच्या खांबावरचा ओरखडा, जवळच्या पानवाल्याची जबानी. पोलीस येतात, पंचनामा होतो, टेप धरून अंतरें मोजलीं जातात. यांतील पुष्कळ गोष्टी दुसऱ्या दिवशीं मोजल्या तरी फारसें बिघडत नाहीं. परंतु एक पुरावा असा आहे कीं तो घटकेघटकेला नाहींसा होत असतो. तो गाडी हांकणाऱ्याच्या नसांतून वाहत असतो. त्या मनुष्यानें मद्य घेतलें होतें काय, घेतलें असल्यास किती, किंवा दुसऱ्या एखाद्या मादक द्रव्याचा अंमल त्याच्यावर होता काय, या प्रश्नांचें उत्तर त्याच्या रक्तांत आणि श्वासांत असतें, आणि तें कांहीं तासांपुरतेंच असतें. हें उत्तर कोणीं, केव्हां आणि कोणत्या अधिकारानें मागावें, याविषयींचा कायदा हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम शरीरशास्त्राचा भाग थोडक्यांत पाहूं, कारण सारा कायदा त्याच्यावर उभा आहे. पोटांत गेलेलें मद्य जठरांतून आणि लहान आंतड्यांतून रक्तांत शिरतें, रक्ताबरोबर मेंदूपर्यंत पोंचतें, आणि यकृत त्याचा हळूहळू निकाल लावीत राहतें. एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञानें १९२२ सालीं अगदीं थोड्या रक्तावरून त्यांतील मद्यार्क मोजण्याची पद्धति प्रसिद्ध केली, आणि पुढें मद्यार्क शरीरांतून कोणत्या वेगानें जातो याचें गणित बसविलें. हा वेग माणसामाणसांत कमीजास्त असतो. परंतु सरासरीनें पाहतां रक्ताच्या १०० मिलिलिटरमागें दर तासाला सुमारें १५ मिलिग्रॅम मद्यार्क नाहींसा होतो. थंड पाण्याची आंघोळ, कडक कॉफी, लिंबाचें सरबत इत्यादि उपायांनीं मनुष्य ओलाचिंब किंवा जागा होईल. पण हा वेग वाढत नाहीं.

रक्त फुप्फुसांतून जातांना त्यांतील मद्यार्काचा कांहीं अंश श्वासांत उतरतो. सुमारें २१०० भाग श्वासांत जितका मद्यार्क सांपडतो तितका एक भाग रक्तांत असतो, असें मानून श्वासावरून रक्ताचा अंदाज बांधतां येतो. अमेरिकेंतील रोला हार्गर या शास्त्रज्ञाचें फुग्यांत फुंकर घालावयाचें यंत्र १९३८ च्या अखेरीस इंडियानापोलिसच्या पोलिसांच्या हातीं आलें. आणि १९५४ सालीं रॉबर्ट बोर्केनस्टाइन यानें अधिक सुटसुटीत असा ‘ब्रेथॅलायझर’ तयार केला. आज चौकांत पोलीस जी नळी तोंडापुढें धरतात ती याच घराण्यांतली होय.

आतां एक साधें गणित करूं. समजा, रात्रीं बारा वाजतां एका मोटारीनें पदपथावरील माणसांस चिरडलें. त्या वेळीं हांकणाऱ्याच्या रक्तांत १०० मिलिलिटरमागें ७० मिलिग्रॅम मद्यार्क होता. आपल्या देशाची मर्यादा ३० मिलिग्रॅमची. म्हणजे हा गृहस्थ मर्यादेच्या दुपटीहूनहि पुढें गेलेला. परंतु जखमींना उचलणें, गर्दी हटविणें, ठाण्यावर नेणें, डॉक्टर शोधणें यांत तीन तास गेले आणि पहाटे तीन वाजतां त्याचें रक्त काढलें, तर त्यांत २५ मिलिग्रॅमच भरतील. कागदावर हा मनुष्य निर्दोष ठरला! मागें हिशेब करून बाराचा आंकडा काढतां येतो हें खरें; पण त्यावर वकील विचारणार कीं, शेवटचा पेला किती वाजतां घेतला, त्या वेळीं पोटांत अन्न होतें काय, मद्य रक्तांत शिरत होतें कीं उतरत होतें? आणि कोणी असेंहि सांगतो कीं, अपघाताच्या धक्क्यानें मन घाबरें झालें म्हणून मीं नंतर दोन घोट घेतले. या सर्व वादांचें मूळ एकच, परीक्षा उशिरा झाली.

कायद्याचा इतिहास पाहिला तर प्रारंभीं सर्वत्र ‘धुंद’ या शब्दावरच भिस्त होती. आपल्याकडील १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमांत, वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होईल इतका अंमल चढलेला असतांना गाडी हांकणें हा गुन्हा होता. हा ‘इतका’ म्हणजे किती, तें ठरविणार कोण? डॉक्टर तोंडाचा वास घेई, सरळ रेषेवर चालावयास लावी, डोळ्यांच्या बाहुल्या पाही आणि आपलें मत देई. नॉर्वेनें १९३६ सालीं आणि स्वीडननें १९४१ सालीं निराळा मार्ग धरला. रक्तांतील मद्यार्काचा एक आंकडा ठरवावयाचा आणि त्यापलीकडे गेलेला प्रत्येक चालक, त्याची चाल सरळ असो वा वांकडी, दोषी धरावयाचा. ब्रिटननें १९६७ च्या रस्ता-सुरक्षा कायद्यानें ८० मिलिग्रॅमची मर्यादा घालून हाच मार्ग पत्करला. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत प्रथम ‘कितीहि अल्प’ मद्यार्क हा गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीनें ३० मिलिग्रॅमचा आंकडा आला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८५ व्या कलमाखालीं पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

आतां अपघाताच्या प्रसंगाकडे वळूं. याच कायद्याच्या २०३ व्या कलमाप्रमाणें, सार्वजनिक ठिकाणीं अपघात झाला आणि हांकणाऱ्याच्या रक्तांत मद्यार्क असावा किंवा त्याच्यावर मादक द्रव्याचा अंमल असावा असा संशय घेण्यास वाजवी कारण असलें, तर गणवेशधारी पोलीस अधिकारी त्याच्यापाशीं श्वासाचा नमुना मागूं शकतो. तो मनुष्य रुग्णालयांत दाखल असल्यास नमुना तेथेंच मागतां येतो. मात्र त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरास आधीं कळवावें लागतें, आणि रोग्याच्या उपचारांत त्यामुळें अपाय होईल असें डॉक्टरानें सांगितल्यास पोलिसास थांबावें लागतें. श्वासांत मद्यार्क दिसला, किंवा श्वास देण्याचें नाकारलें, तर २०४ व्या कलमाखालीं रक्ताचा नमुना मागतां येतो. चालक स्त्री असून डॉक्टर पुरुष असेल तर दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितींतच रक्त घ्यावें, असाहि निर्बंध आहे. या गुन्ह्यासाठीं अटक केलेल्या इसमाची दोन तासांच्या आंत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीं तर त्यास सोडावें लागतें, असें २०२ वें कलम सांगतें. आणि सबळ कारणावांचून परीक्षा नाकारणाऱ्याचा नकार हीच त्याच्याविरुद्ध पुराव्याला बळकटी देणारी गोष्ट धरतां येते, असें २०५ वें कलम म्हणतें.

वाचतांना ही व्यवस्था बरीच नेटकी वाटते. तिच्यांतील उणीव एका शब्दांत आहे. पोलीस अधिकारी नमुना ‘मागूं शकतो’. तो ‘मागेलच’ असें नाहीं. मनुष्य मेला किंवा जन्माचा पंगु झाला तरी परीक्षा आपोआप होत नाहीं. आधीं संशय यावा लागतो. हा संशय यावयाचा कोणाला आणि कोणाविषयीं? घटनास्थळीं पोंचलेला अधिकारी जखमींच्या धांवपळींत असतो. चालक शांतपणें, नीट कपड्यांत, नम्रपणें बोलत असेल तर संशय येत नाहीं. मळक्या कपड्यांतला मालमोटारीचा ड्रायव्हर दिसला कीं लगेच येतो. संशयावर चालणारी परीक्षा माणसांच्या दर्जाप्रमाणें कशी वांकते, हें सांगावयास फार मोठ्या अनुभवाची गरज नाहीं. शिवाय चालक बेशुद्ध असेल तर त्याचें काय करावें, याविषयीं या कलमांत स्पष्ट शब्द नाहींत. बेशुद्ध मनुष्य फुंकर कशी घालणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१ व्या कलमाखालीं आरोपीची वैद्यकीय तपासणी करवून घेतां येते. पण ती अटकेनंतरची वाट आहे, आणि अटक होईपर्यंत रक्तांतील साक्षीदार निघून जाण्याचा संभव असतो.

याचा एक परिणाम आपल्या आंकड्यांतहि दिसतो. २०२२ सालीं भारतांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, असें केंद्र सरकारच्या अहवालांत नमूद आहे. यांपैकीं मद्य किंवा मादक द्रव्यें हें कारण म्हणून नोंदलेले मृत्यु शेंकडा दोन-तीनच आहेत. अमेरिकेंत हेंच प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास असतें. दोन्ही देशांच्या चालीरीति भिन्न आहेत, त्यामुळें हा सारा फरक नोंदणीचाच आहे असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्याचें रक्त तपासलेंच नाहीं त्याची नोंद ‘अतिवेग’ या रकान्यांत जाते, हें उघड आहे. जें मोजलें जात नाहीं त्यावर उपाय तरी कसा शोधावा?

इतर देशांनीं या प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतानें १९७४ सालापासून असा नियम केला कीं, रस्त्यावरील अपघातांत जखमी होऊन रुग्णालयांत आलेल्या पंधरा वर्षांवरील माणसांच्या रक्ताचा नमुना घेतलाच पाहिजे. येथें संशयाला जागाच राहिली नाहीं. सर्वांचा नमुना घ्यावयाचा, म्हणजे कोणाचा अपमान नाहीं आणि कोणाची सुटका नाहीं.

अमेरिकेंत मालमोटारी व बसगाड्या हांकणाऱ्या व्यावसायिक चालकांसाठीं केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांचा उगम एका आगगाडीच्या अपघातांत आहे. १९८७ च्या जानेवारीच्या चौथ्या तारखेस मेरिलंड संस्थानांत चेस या ठिकाणीं एक उतारूंची गाडी मालगाडीच्या इंजिनांवर आदळली आणि १६ माणसें दगावलीं. मालगाडीच्या चालकानें गांजाचें सेवन केलें होतें असें आढळून आलें, आणि देशांत मोठी खळबळ उडून १९९१ सालीं वाहतूक-कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा कायदा झाला. त्या नियमांप्रमाणें प्राणहानि झालेल्या अपघातानंतर हयात असलेल्या चालकाची परीक्षा, दोष कोणाचाहि असो, झालीच पाहिजे. मद्याची परीक्षा दोन तासांत व्हावी. न झाल्यास मालकानें कारण लिहून ठेवावें. आठ तास उलटल्यावर ती करूं नये, कारण तिला अर्थ उरत नाहीं. मादक द्रव्यांच्या परीक्षेस ३२ तासांची मुदत आहे. शिवाय अपघातानंतर आठ तास, किंवा परीक्षा होईपर्यंत, चालकानें मद्याला शिवावयाचें नाहीं. म्हणजे ‘नंतर दोन घोट घेतले’ ही सबबहि मुळांतच तोडली.

ब्रिटननें बेशुद्ध चालकाच्या प्रश्नावर २००२ सालीं जें उत्तर काढलें तें मला विशेष विचारपूर्वक केलेलें वाटतें. अपघातानंतर चालक संमति देण्याच्या स्थितींत नसेल तर डॉक्टर त्याच्या रक्ताचा नमुना काढून ठेवूं शकतो. हा डॉक्टर शक्यतों त्याच्यावर उपचार करणारा नसावा. नमुना काढला तरी तो तपासावयाचा नाहीं. नुसता जपून ठेवावयाचा. मनुष्य शुद्धीवर आल्यावर त्याची परवानगी मागावयाची. ती त्यानें विनाकारण नाकारली तर नाकारणें हाच गुन्हा. पुरावा काळाच्या हातून वांचविला आणि संमतीचा मानहि राखला, अशी ही युक्ति आहे.

येथें सुज्ञ श्रोत्यांच्या मनांत एक आक्षेप येईल. माझ्या शरीरांतून माझ्याच विरुद्ध पुरावा काढण्याचा अधिकार सरकारला कसा असूं शकेल? कोणत्याहि आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करतां येणार नाहीं, असें आपल्या राज्यघटनेचें २० वें कलम सांगतें. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यांत त्याचें उत्तर दिलें. आपल्या मनांतलें ज्ञान बोलून दाखविण्याची सक्ति ही साक्षीची सक्ति होय. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणें ही तशी सक्ति नव्हे, असा त्याचा आशय आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं, अपघातानंतर रुग्णालयांत आरोपीच्या इच्छेविरुद्ध घेतलेल्या रक्ताच्या बाबतींत, असाच निर्णय पांच विरुद्ध चार अशा मतांनीं दिला. परंतु त्याच न्यायालयानें २०१६ सालीं श्वास आणि रक्त यांत भेद केला. फुंकर घालण्यानें शरीरास इजा होत नाहीं, म्हणून अटकेनंतर श्वासास वॉरंट नको. सुई टोंचून रक्त काढावयाचें तर सामान्यतः न्यायाधीशाची परवानगी पाहिजे. यावरून एवढेंच घ्यावयाचें कीं, परीक्षेची सक्ति न्याय्य असली तरी तिला मर्यादा असाव्यात, आणि त्या कायद्यांत लिहिलेल्या असाव्यात.

मादक द्रव्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. मद्यार्काचें रक्तांतील प्रमाण आणि मेंदूवरील अंमल यांचें नातें बरेंचसें सरळ आहे. गांजाचें तसें नाहीं. त्याचा अंमल कांहीं तासांत उतरतो, पण त्याचे अवशेष लघवींत कित्येक दिवस, नेहमीं ओढणाऱ्याच्या बाबतींत कित्येक आठवडेहि, सांपडतात. लघवींत अवशेष सांपडले म्हणून अपघाताच्या क्षणीं अंमल होता असें सिद्ध होत नाहीं. पोलिसांच्या श्वासयंत्राला तर गांजा, अफू, झोंपेच्या गोळ्या यांपैकीं कांहींच कळत नाहीं. रात्रभर मालमोटार हांकणारा ड्रायव्हर अफूच्या अंमलाखालीं असला तरी यंत्र शून्यच दाखविणार. ब्रिटननें २०१५ सालापासून अनेक द्रव्यांसाठीं रक्तांतील निरनिराळे आंकडे ठरवून दिले आहेत, आणि व्हिक्टोरियांत २००४ सालापासून रस्त्यावर लाळेची परीक्षा होते. आपल्याकडे मद्याप्रमाणें ठरीव आंकडा या बाबतींत नाहीं. ताबा ठेवण्यास असमर्थ होण्याइतका अंमल होता हें १९३९ प्रमाणेंच सिद्ध करावें लागतें.

नमुना घेतला म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. सुई टोंचण्यापूर्वीं कातडी स्पिरिटनें पुसली तर त्या स्पिरिटाचाच मद्यार्क वादाला कारण होतो. कुपींत सोडियम फ्लुओराइड नसेल तर रक्त आंबून त्यांत मद्यार्क निर्माण होण्याचा संभव असतो. मोहोर, तारीख, सही, शीतपेटी, प्रयोगशाळेंतील नोंद, यांतील एक कडी निखळली कीं सारी साखळी न्यायालयांत तुटते. सर्वोच्च न्यायालयानें १९७१ सालीं मुंबईकडील एका अपघाताच्या खटल्यांत स्पष्ट सांगितलें कीं, तोंडाला वास येणें, झोक जाणें, बाहुल्या विस्फारणें एवढ्यानें मद्यप्राशन निश्चितपणें सिद्ध होत नाहीं. रक्त किंवा लघवी तपासावयास हवी होती. उलट वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ च्या नोव्हेंबरांत पदपथावर झोंपलेले सात मजूर मोटारीखालीं चिरडले गेले, त्या खटल्यांत रक्तांत ०.११२ टक्के मद्यार्क असल्याचा अहवाल होता. आणि २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. २०२४ च्या मे महिन्यांत पुण्यांत भरधांव मोटारीनें दोन तरुण जीव घेतल्यावर, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली. त्या आरोपाचा निवाडा न्यायालय करील. परंतु परीक्षेचा सारा विश्वास एका लहानशा कुपीवर असतो, ही गोष्ट त्या प्रकरणानें घरोघर पोंचविली.

तात्पर्य काय? ज्या अपघातांत प्राणहानि किंवा गंभीर दुखापत झाली असेल, त्यांतील प्रत्येक चालकाची परीक्षा ही पोलिसाच्या मर्जीची बाब न राहतां कायद्यानें ठरलेलें कर्तव्य व्हावी. वेळेची मुदत ठरावी, आणि ती टळल्यास कारण लेखी द्यावें. नमुना दोन कुप्यांत घ्यावा व दुसरी कुपी आरोपीला स्वतंत्र परीक्षेसाठीं मिळावी. रोग्याचा जीव आधीं, परीक्षा नंतर, हा डॉक्टरचा अधिकार अबाधित राहावा. बेशुद्ध माणसाचें रक्त जपून ठेवावें आणि त्याच्या शुद्धीची वाट पाहावी. हें केल्यानें निर्व्यसनी चालकाचेंहि संरक्षणच होतें. जमाव ‘दारू प्याला होता’ म्हणून ओरडत असतां, वेळेवर काढलेलें शून्य मद्यार्काचें रक्त हाच त्याचा खरा वकील. आणि ज्यांचें माणूस गेलें त्यांना निदान खरें काय घडलें एवढें तरी कळतें. मृताला जबानी देतां येत नाहीं. त्याच्या वतीनें हीच एक साक्ष उरते.

शेवटीं घरगुती व्यवहाराचे दोन शब्द. अपघातानंतर पळून जाऊं नये. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणें हें १३४ व्या कलमानें चालकाचें कर्तव्य आहे. पळून जाऊन परीक्षा चुकविली म्हणजे सुटलों, असेंहि कोणीं मानूं नये. दिल्लींतील २००७ च्या एका अपघातावरून विम्याचा जो वाद झाला, त्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं सांगितलें कीं, श्वास किंवा रक्त तपासलेलें नसलें तरी इतर पुराव्यावरून विमा कंपनी चालकाची धुंदी सिद्ध करूं शकते. आपल्या घरच्या माणसाचा अपघात झाला तर, आपण वादी असा कीं प्रतिवादी, परीक्षा झाली काय आणि किती वाजतां झाली, हें त्याच रात्रीं विचारा आणि टिपून ठेवा. आठवड्यानंतर विचारणें म्हणजे बैल गेला नि झोपा केला, असें होईल. आणि मेजवानीहून परततांना ‘दोन पेल्यांनीं काय होतें’ असें कोणी म्हणालाच, तर किल्ली त्याच्या हातीं देऊं नका. अपघातानंतरच्या परीक्षेचा कायदा कितीहि चांगला झाला तरी तो अपघातानंतरचा आहे. त्यापूर्वींचा कायदा प्रत्येक घरानें आपापला करावयाचा असतो.